छंदाचे मोल किती?



शाळेच्या सूचनाफलकावर वक्तृत्व स्पर्धेची किंवा कबड्डीच्या सामन्याची सूचना लागली, की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. अब्बा म्हणतात, "यंदा दहावी आहे. खेळ, नाटक, बैतबाजी सगळे बंद! आधी अभ्यास." तेवढ्यात मामू म्हणतात, "जाऊ द्या, दुल्हाभाई. भाग घेऊ द्या त्याला. प्रमाणपत्र मिळेल. पुढे कॉलेजच्या प्रवेशाला उपयोगी पडेल." तुम्ही मध्ये उभे असता. कोणाचे ऐकावे, हे तुम्हांला कळत नाही.

ही दोन्ही मते वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण त्यांच्या मुळाशी एकच विचार आहे. दोघेही छंदाकडे प्रवेशाच्या तराजूतले वजन म्हणून पाहतात. एकाला वाटते, या वजनाने काहीच होत नाही. दुसऱ्याला वाटते, त्याने पारडे झुकते. तेव्हा आपण आधी हा तराजूच नीट पाहू या. खेळ, नाटक, वक्तृत्व, चित्रकला, संगीत, स्काउट-गाइड, समाजसेवा यांना आपण अभ्यासेतर उपक्रम म्हणतो. विद्यापीठाच्या प्रवेशात त्यांचे मोल खरोखर किती असते? आणि ते किती असावे?

प्रथम आपल्या देशातील स्थिती पाहू. डॉक्टर व्हायचे असेल तर 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते. तिचे एकूण गुण ७२०. प्रवेशाची गुणवत्ता यादी या गुणांवरून लागते. तुम्ही उत्तम वक्ते आहात की नाही, हे तेथे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसाठी मुख्यतः राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते, तर आय. आय. टी.साठी 'जेईई'. तेथेही गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांतील गुणच बोलतात. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून एक सामायिक परीक्षा सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे मोठ्या दरवाजाची किल्ली बहुतेक वेळा परीक्षेच्याच हाती आहे. हे सत्य आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

परंतु मोठ्या दरवाजाशेजारी काही लहान दरवाजेही आहेत. दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्राचे मंडळ खेळाडूंना काही वाढीव गुण देते. शास्त्रीय गायन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांत ठरावीक यश मिळवणाऱ्यांनाही असे गुण मिळतात. हे गुण थोडे असतात. पण अकरावीच्या प्रवेशात कधी कधी एका गुणावरही गाडी चुकते, हे तुम्ही जाणताच.

दिल्ली विद्यापीठाने खेळाडू आणि कलावंत यांच्यासाठी नेहमीच्या जागांखेरीज काही जागा ठेवल्या आहेत. २०२२ साली तेथील नियम असा होता, की या जागांसाठी सामायिक परीक्षेला २५ टक्के, तर प्रत्यक्ष चाचणी आणि प्रमाणपत्रे यांना मिळून ७५ टक्के महत्त्व. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२४ साली प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा सुरू केल्या. त्यांतील एक मुलींसाठी आहे. पुढच्याच वर्षी तिने कलावंतांसाठीही अशा जागा ठेवल्या. मात्र 'जेईई अ‍ॅडव्हान्स्ड'च्या गुणवत्ता यादीत नाव येणे दोघांनाही आवश्यक आहे. म्हणजे नुसते मैदान गाजवून भागत नाही. गणितही सुटावे लागते.

काही ठिकाणी तर छंद हाच अभ्यासाचा विषय असतो. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात जायचे, तर चित्र काढून दाखवावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अर्ज करणाऱ्याने पदवीबरोबरच किमान सहा नाटकांत काम केलेले असावे लागते. जो मुलगा आठवीपासून रंगाशी खेळत आला आहे, त्याच्या छंदाला अशा ठिकाणी पूर्ण मोल मिळते. थोडक्यात सांगायचे तर आपल्या देशात छंदाला मोल आहे. पण ते थोड्या जागी आणि थोड्या जणांसाठी आहे.

आता परदेशाकडे वळू. याचे कारण असे, की छंदाला प्रवेशात सर्वांत अधिक मान देणारा देश म्हणजे अमेरिका. 'तिकडे बघा, तिकडे सर्वांगीण विकास पाहतात,' असे आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरे आहे?

अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये एक सामायिक अर्ज वापरतात. १९७५ साली १५ महाविद्यालयांनी मिळून तो सुरू केला. या अर्जात गुण, निबंध आणि शिक्षकांची पत्रे यांबरोबर उपक्रमांची यादी असते. जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाचे वर्णन १५० अक्षरांत संपवावे लागते. नामांकित विद्यापीठांत हजारो अर्जदारांचे गुण जवळजवळ सारखेच उत्तम असतात. मग निवड करताना या यादीकडे लक्ष जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवर न्यायालयात खटला चालला. त्याचा अंतिम निकाल २०२३ साली लागला. या खटल्यात विद्यापीठाची आतली पद्धत उघड झाली. तेथे अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा बाबींसाठी वेगवेगळी श्रेणी दिली जात असे. म्हणजे तेथे छंदाला खरोखर वजन आहे.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा रिवाज मात्र वेगळा आहे. तुम्ही जो विषय शिकणार, त्याच्याशी संबंध असेल तरच ती विद्यापीठे उपक्रमाचा विचार करतात. इतिहास शिकू इच्छिणाऱ्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे कोणते इतिहासग्रंथ वाचले, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. तो फुटबॉल संघाचा कर्णधार होता, याने त्यांच्या निर्णयात फरक पडत नाही. तेव्हा 'परदेशात छंद मोजतात' हे वाक्यसुद्धा सरसकट खरे नाही.

अमेरिकेची पद्धत ऐकायला किती छान वाटते! माणसाला केवळ गुणांवरून तोलू नये, हे कोणालाही पटेल. पण कोणतीही पद्धत स्वीकारण्यापूर्वी तिची जन्मकथा विचारावी. हार्वर्डमध्ये १९२२ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक विद्यार्थी ज्यू होते. त्यांतील पुष्कळ जण स्थलांतरित कुटुंबांतील होते. ते परीक्षेत चांगले गुण मिळवून येत. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना त्यांची संख्या जास्त वाटू लागली. त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा उघड प्रस्ताव मांडला. त्याला विरोध झाला आणि प्रस्ताव मागे पडला. मग दुसरी वाट काढण्यात आली. १९२६ पासून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना निवडीत मोठे स्थान मिळाले. गुण मोजता येतात. चारित्र्य कसे मोजणार? ते निवड करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण खाली आले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही सारी हकिकत सविस्तर मांडली आहे.

मित्रांनो, यावरून तुम्ही काय शिकाल? सुंदर शब्दांच्या आड कधी कधी अन्याय लपतो. 'सर्वांगीण विकास' हा शब्द चांगलाच आहे. पण तो कोण मोजतो, कशाने मोजतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न विचारायला आपण कचरू नये.

आजच्या अमेरिकेतही हे प्रश्न संपलेले नाहीत. २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील बारा नामांकित विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत अशा एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या विद्यापीठांत पोहोचतात. याची तीन प्रमुख कारणे त्यांनी सांगितली. पहिले कारण, आईवडील त्याच विद्यापीठात शिकलेले असणे. दुसरे, खेळाडू म्हणून होणारी निवड. आणि तिसरे, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारी वरची श्रेणी. नौकानयन किंवा तलवारबाजी शिकायला पैसा लागतो. सुट्टीत परदेशी जाऊन समाजसेवा करायलाही पैसा लागतो. ज्याच्या घरी तो आहे, त्याची यादी लांब होते. ज्याच्या घरी नाही, त्याची यादी आखूड राहते. मुलांची बुद्धी सारखी असते. याद्या सारख्या नसतात.

जेथे वजन आहे, तेथे खोटी वजने करणारेही येतात. २०१९ साली अमेरिकेत एक मोठा घोटाळा उघडकीस आला. काही श्रीमंत पालकांनी एका दलालाला पैसे देऊन आपल्या मुलांना खोटे खेळाडू बनवले होते. ज्या मुलांनी कधी स्पर्धेत वल्हे हाती धरले नव्हते, त्यांची नौकानयनपटू म्हणून छायाचित्रे काढण्यात आली. काही प्रशिक्षकांनी लाच घेऊन त्यांची नावे संघात घातली. पुढे अनेकांना शिक्षा झाली. चीनमध्ये पूर्वी खेळाडूंना आणि ऑलिंपियाड स्पर्धांतील विजेत्यांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत वाढीव गुण मिळत. त्यात गैरप्रकार वाढले, म्हणून तेथील सरकारने २०१५ पासून राष्ट्रीय पातळीवरचे हे गुण बंद केले. आणि आपण तरी कोठे मागे आहोत? सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या राखीव जागांसाठी खोटी क्रीडा प्रमाणपत्रे मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रातही उघड झाली आहेत.

मग केवळ परीक्षेचे गुण पाहणे, हाच न्यायाचा मार्ग आहे का? तसेही म्हणता येत नाही. परीक्षेच्या तयारीलाही पैसा लागतोच. राजस्थानातील कोटा शहरात जाऊन शिकवणी लावायची, तर लाखाच्या घरात खर्च येतो. तो किती घरांना परवडेल? शिवाय तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत माणसाचे सगळे गुण उतरत नाहीत. चिकाटी, सचोटी आणि इतरांबरोबर मिळून काम करण्याची तयारी या गोष्टी चार पर्यायांतून एक निवडताना दिसत नाहीत. म्हणजे दोन्ही पांघरुणे अपुरीच आहेत. एक ओढावे तर डोके उघडे पडते, दुसरे ओढावे तर पाय.

माझे मत असे आहे. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी अशा अभ्यासक्रमांत परीक्षेलाच मुख्य स्थान असावे. छंदाला थोडे मोल द्यावे. पण ते कागदावरून देऊ नये, प्रत्यक्ष चाचणी घेऊन द्यावे. धावपटूला धावू द्यावे, चित्रकाराला चित्र काढू द्यावे, वक्त्याला बोलू द्यावे. कागद विकत मिळतो, धावणे विकत मिळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छंदाला प्रवेशात मोल द्यायचे असेल तर छंद जोपासण्याची सोय आधी प्रत्येक शाळेत विनामूल्य हवी.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असणे आवश्यक ठरवले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंत काढून टाकण्याचा विचार मांडला आहे. पण कागदावरचे मैदान आणि पायाखालचे मैदान यांत अंतर असते. दाट वस्तीतल्या कित्येक शाळांना मोकळी जागा नाही. जेथे ती आहे, तेथेही दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताकडे जातो. ज्याच्या आईवडिलांना खासगी क्लब परवडतो, तो बाहेर खेळतो. ज्याला परवडत नाही, त्याचे मैदान म्हणजे शाळेचा तोच एक तास असतो. तो तास गेला, की त्याचे सगळेच गेले. म्हणून खेळाचा तास ही चैन नाही. ज्यांच्याजवळ दुसरे काही नाही, त्यांचा तो हक्क आहे. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे सांगण्याचा अधिकार तुम्हांलाही आहे.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. 'आमच्या घरी क्लबला पैसे नाहीत. शाळा सुटल्यावर मला दुकानावर बसावे लागते. मी छंद कधी जोपासू?' मालेगाव किंवा भिवंडीच्या एखाद्या मुलाला यंत्रमागावर वडिलांच्या हाताखाली काम करावे लागत असेल. एखादी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, त्यांचा अभ्यास घेते, आजारी दादीची औषधे वेळेवर देते. अशा मुलामुलींना वाटते, की आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही.

त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या अमेरिकी अर्जाविषयी मी वर लिहिले, त्यातील उपक्रमांच्या प्रकारांत 'घरच्या जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' असेही प्रकार आहेत. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने महाविद्यालयांच्या प्रवेशावर एक अहवाल काढला. अनेक महाविद्यालयांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. उपक्रमांची लांबलचक यादी मागू नये, थोड्या पण मनापासून केलेल्या कामांकडे पाहावे, आणि घरासाठी केलेल्या कष्टांनाही मान द्यावा, असे त्यात सांगितले होते. एम. आय. टी. हे जगप्रसिद्ध विद्यापीठ तर अर्जदाराकडून जेमतेम चार उपक्रम मागते. म्हणजे ज्यांनी ही यादी जगाला शिकवली, त्यांनाच आता यादीच्या लांबीचा कंटाळा आला आहे.

म्हणून घरकामाची किंवा दुकानातल्या कामाची लाज बाळगू नका. जो मुलगा रोज संध्याकाळी हिशेबाची वही लिहितो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो आणि एका रुपयाचीही चूक होऊ देत नाही, तो काहीतरी शिकतच असतो. जी मुलगी चार भावंडांना अभ्यासाला बसवते, तिच्या अंगी शिक्षिकेचे गुण येत असतात. मात्र याचा अर्थ असा नव्हे, की मुलांना कामाला जुंपून त्यांचे शिक्षण तोडावे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर घरच्यांना हात देणे वेगळे, आणि हात देण्यासाठी शाळा सोडणे वेगळे.

मग तुम्ही नेमके काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, एकच छंद निवडा. फार तर दोन. दहा ठिकाणी दहा दिवस जाण्यापेक्षा एका ठिकाणी तीन वर्षे जा. विहीर खणणारा माणूस दहा जागी दोन-दोन हात खणू लागला, तर त्याला पाणी लागत नाही. जो एकाच जागी खोल जातो, त्याची तहान भागते.

छंद फार खर्चाचाच असावा असे नाही. उर्दूत ज्याला शौक म्हणतात, त्यालाच मराठीत छंद म्हणतात. आणि शौकाला पैशापेक्षा मन अधिक लागते. खत्तातीला एक कलम, शाई आणि कागद लागतो. रोज अर्धा तास अलिफ, बे गिरवणाऱ्याचा हात दोन वर्षांत असा वळतो, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. बैतबाजीला तर पाठांतराखेरीज काहीच लागत नाही. शेकडो शेर तोंडपाठ असणारा विद्यार्थी भाषेचा धनी असतो. धावायला रस्ता पुरतो. बुद्धिबळाचा साधा पट थोड्या पैशांत मिळतो. वाचनाला शाळेचे ग्रंथालय आहेच.

दुसरी गोष्ट, वेळेचा हिशेब ठेवा. अब्बांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. परीक्षा ही मोठ्या दरवाजाची किल्ली आहे, हे आपण वर पाहिले. म्हणून परीक्षेच्या आधी एक-दोन महिने खेळ कमी करावा लागला, तर करावा. पण कमी करणे म्हणजे बंद करणे नव्हे. दिवसातील अर्धा तास छंदाला दिल्याने कोणी नापास होत नाही. उलट खेळून आलेले डोके अभ्यासाला ताजे असते. अर्धा तास खेळ आणि तीन तास दूरदर्शन किंवा मोबाइल, असा हिशेब असेल, तर मात्र दोष खेळाला देऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे नोंद ठेवा. एक साधी वही करा. कोणत्या दिवशी काय केले, काय जमले, काय जमले नाही, हे तिच्यात लिहा. पुढे कोणी विचारले, तर तुमच्याजवळ सांगायला खरी हकिकत असेल. मुलाखत घेणारा अनुभवी माणूस 'तुम्हांला कोणते पारितोषिक मिळाले?' एवढ्यावर थांबत नाही. 'सर्वांत अवघड काय गेले?' असे तो विचारतो. ज्याने खरोखर काम केले आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. ज्याने नुसते प्रमाणपत्र आणले आहे, तो या प्रश्नापाशी अडखळतो.

चौथी गोष्ट, खोट्या कागदाच्या वाटेला जाऊ नका. 'भाग घेऊ नकोस, फक्त पैसे दे, प्रमाणपत्र घरी येईल,' असे सांगणारे लोक तुम्हांला भेटतील. त्यांना दुरूनच सलाम करा. खोटे प्रमाणपत्र पकडले गेले, तर प्रवेश जातो आणि नावालाही बट्टा लागतो. आणि नाही पकडले गेले, तर ज्याने तीन वर्षे घाम गाळला, अशा एखाद्या मुलाची जागा तुम्ही घेता. ही चोरीच आहे.

येथे कोणी विचारील, 'इतके करूनही प्रवेशात एकही गुण मिळाला नाही, तर सारे व्यर्थच ना?' हा प्रश्न योग्य आहे. बहुतेकांच्या बाबतीत खरोखरच तसे घडेल. शंभर खेळाडूंपैकी खेळाडूच्या जागेवर प्रवेश मिळणारे दोन-चारच असणार. उरलेल्यांना काय मिळाले?

तुमचेच उदाहरण घेऊ. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. पुढे महाविद्यालयात गेल्यावर वर्गात मराठी आणि इंग्रजी बोलणारी मुले असतील. उत्तर येत असूनही 'माझी मराठी चुकेल, लोक हसतील' या भीतीने पुष्कळ हुशार मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. ही भीती पाठ्यपुस्तक वाचून जात नाही. पण तुम्ही नववीत मराठी वक्तृत्व स्पर्धेत उभे राहिला असाल, दोन वाक्ये विसरला असाल, लोक थोडे हसले असतील, आणि तरीही तुम्ही भाषण पूर्ण केले असेल, तर ही भीती तेथेच अर्धी मेलेली असते. दुसऱ्या शाळेच्या संघाशी तुम्ही कबड्डी खेळता, तेव्हा 'पकड', 'सोड', 'मागे हो' असे शब्द आपोआप तोंडात बसतात. सामना संपल्यावर त्या मुलांशी दोस्ती होते. ती दोस्ती आणि ती भाषा यांना प्रवेशाच्या अर्जात रकाना नाही. पण महाविद्यालयात टिकण्यासाठी त्यांचाच उपयोग होतो. प्रवेश मिळणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. तेथे टिकून राहणे ही तीन-चार वर्षांची गोष्ट आहे.

हरण्याचेही तसेच आहे. परीक्षेत कमी गुण मिळाले, की काही मुले खचून जातात. मैदानावर मात्र हार रोजची असते. आज हरलेला संघ उद्या पुन्हा उतरतो. हरल्यावर उठून उभे राहण्याची ही सवय ज्याला लहानपणी लागली, तो एका निकालाने मोडून पडत नाही. हे शिक्षण कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही.

तेव्हा अब्बा आणि मामू या दोघांनाही तुम्ही आदराने सांगू शकता, की अभ्यास सुटणार नाही आणि छंदही सुटणार नाही. छंद प्रवेशासाठी करू नका. आणि प्रवेशात त्याला मोल नाही म्हणून सोडूही नका. जेथे छंदाला मोल आहे, तेथे तुमचा खरा छंद आपोआप उभा राहील. जेथे मोल नाही, तेथेही तुमचा आवाज, तुमचा हात आणि तुमची हिंमत तुमच्याबरोबरच येईल.

सूचनाफलकावर पुढची सूचना लागेल, तेव्हा 'याचे प्रमाणपत्र मिळेल का?' हा प्रश्न आधी विचारू नका. 'हे मला मनापासून करावेसे वाटते का?' असे स्वतःलाच विचारा. उत्तर 'होय' असेल, तर बेधडक आपले नाव द्या.